फर्डिनांड पोर्श : पोलादाचा पीळ जाणणारा इंजिनिअर

रस्त्यातला खड्डा गाडीने सोसायचा की आत बसलेल्या माणसाने, हे सस्पेन्शनवर ठरते. बैलगाडीला ते नसते, म्हणून हाडे खिळखिळी होतात. मोटारीला पाटे किंवा गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. फर्डिनांड पोर्श यांनी मात्र साध्या सरळ पोलादी दांड्याकडून हे काम करून घेतले.

त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचे काम करीत. मुलाने तोच धंदा करावा अशी त्यांची इच्छा होती, पण मुलाला वेड विजेचे. तो व्हिएन्नाला गेला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात, चाकातच विजेची मोटर बसवलेली त्याची गाडी गाजली. पुढे ऑस्ट्रो-डाइम्लर, डाइम्लर अशा कंपन्यांत नोकरी करून पोर्श यांनी स्टुटगार्टला स्वतःची कचेरी थाटली.

याच कचेरीने १९३१ मध्ये टॉर्शन बारच्या, म्हणजे पिळाच्या दांड्याच्या, सस्पेन्शनसाठी पेटंटचा अर्ज केला. दांड्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्यात पक्के बसवायचे आणि दुसरे चाक धरणाऱ्या पट्टीत. चाक उचलले गेले की दांड्याला पीळ पडतो. तो उलगडू पाहतो आणि चाकाला पुन्हा खाली दाबतो. याला जागा फार थोडी लागते. फोक्सवागनच्या बीटल गाडीतही हीच योजना होती.

या चरित्राला काळी बाजूही आहे. पोर्श १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले. हिटलरच्या सैन्यासाठी त्यांनी वाहने व रणगाडे आखले. ज्या फोक्सवागन कारखान्याच्या प्रमुखांपैकी ते एक होते, तेथे युद्धकाळात वेठीने आणलेल्या हजारो लोकांना राबवले गेले. युद्धानंतर फ्रेंचांनी त्यांना सुमारे वीस महिने कैदेत ठेवले. १९४७ मध्ये ते सुटले.

१९४८ मध्ये त्यांचा मुलगा फेरी याने ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे ३५६ ही स्पोर्ट्स गाडी तयार केली. ३० जानेवारी १९५१ रोजी पोर्श वारले. पुढची ९११ ही गाडी १९६३ साली लोकांसमोर आली. तिच्यात १९८९ पर्यंत पिळाचे दांडे होते.

जुन्या ९११ ची मागची उंची बदलण्याची रीत गणिताच्या तासाला शोभेल अशी आहे. दांड्याच्या आतल्या टोकाला ४० खाचा असतात, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक खाच सरकवली की ९ अंशांचा फरक पडतो. बाहेर एक खाच उलट फिरवली की सुमारे ८ अंश १० मिनिटे परत येतात. उरतात फक्त ५० मिनिटे, म्हणजे एका अंशाहूनही कमी! इतक्या बारकाईने गाडी खाली-वर करता येते. दोन्ही बाजू मात्र सारख्या लावाव्या लागतात. गाडी फार खाली घेतली तर चाके वरून आत झुकतात, टायर आतल्या कडेने झिजतात आणि गतिरोधकावर गाडीचे पोट घासते.

३६० ला ४० ने आणि ४४ ने भागून हा हिशोब वहीत करून पाहा. एका अंशाचाही हिशोब ठेवणाऱ्या या बुद्धिमान माणसाने, आपल्या कारखान्यात कोण आणि कसे राबत आहे याचा हिशोब ठेवला नाही. त्यांचे कौशल्य जरूर शिकावे, पण हेही विसरू नये.