देवळालीचे कापरेकर मास्तर आणि ७२ लाख अंकांची ‘स्वयंभू’ मूळ संख्या

६१७४ म्हटलं की गणितप्रेमींना द. रा. कापरेकर आठवतात. पण त्यांच्या आणखी एका शोधाचा धागा थेट ७२ लाखांहून जास्त अंक असलेल्या एका मूळ संख्येपर्यंत जातो. कसा, ते पाहूया.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. ठाण्यात शाळा झाली, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. बी.एस्सी.नंतर पुढचं शिक्षण झालं नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांचा खेळ साधा होता. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ अधिक १, म्हणजे ३ मिळवले की २४ येतात. म्हणजे २१ ही २४ ची ‘जनक’ झाली. पण काही संख्यांना जनकच नसतो. कोणी न घडवलेल्या मूर्तीला आपण स्वयंभू म्हणतो, तसंच कापरेकरांनी या संख्यांना ‘स्वयंभू’ म्हटलं.

आता ३१ तपासून पाहा. दोन अंकांची बेरीज जास्तीत जास्त १८ होते. म्हणून जनक असलाच तर तो १३ ते ३० मध्येच सापडायला हवा. एकेक करून पाहिलं तर एकही सापडत नाही. ३१ मूळ संख्या आहेच, शिवाय स्वयंभूही आहे. शंभराच्या आत अशा सहाच मूळ संख्या आहेत: ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७. उलट ११ मूळ असूनही स्वयंभू नाही, कारण तिचा जनक १० आहे.

या संख्यांवर कापरेकरांनी १९५९ आणि १९६३ मध्ये देवळालीतूनच पुस्तिका काढल्या. इथल्या अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटलं. एका मास्तरांचा आकड्यांचा नाद, एवढीच त्याची किंमत झाली. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोहोचलं. तेव्हा ते सत्तरीचे होते. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं.

नाद मात्र संपला नाही. २००४ मध्ये स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणाऱ्या एका प्रकल्पात एक प्रचंड मूळ संख्या सापडली. २ ला २ नेच गुणत २ चा २४०३६५८३ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा, ती ही संख्या. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी ती स्वयंभूही असल्याचं दाखवलं.

एवढ्या मोठ्या संख्येचा जनक नाही हे कळतं कसं? युक्ती ३१ चीच. सगळे अंक ९ धरले तरी त्यांची बेरीज साधारण साडेसहा कोटी होते. म्हणजे त्या अवाढव्य संख्येच्या मागे फक्त तेवढंच अंतर तपासायचं. ३१ साठी हे काम कागद-पेन्सिलीवर होतं, इथे संगणक लागतो. प्रश्न मात्र देवळालीच्या मास्तरांनी विचारला तोच आहे.