ख्रिस्तियान एरेनबर्ग

पाण्याच्या एका थेंबांत केवढी सृष्टि वसते, हें ज्यांनीं जगास चित्रांनीं दाखविलें, त्यांत ख्रिस्तियान गॉटफ्रीड एरेनबर्ग यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १९ एप्रिल १७९५ रोजीं जर्मनींतील डेलित्श गांवीं झाला. लाइप्झिग येथें त्यांनीं प्रथम धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला. पुढें ते वैद्यकाकडे वळले.

१८२० सालीं हेम्प्रिख नामक मित्रासह ते मिसर व अरबस्तान या देशांत वनस्पति व प्राणी गोळा करण्यास निघाले. तांबड्या समुद्राच्या कांठीं मसावा बंदरांत १८२५ सालीं हेम्प्रिख तापानें वारले. जिवलग मित्रास तेथेंच ठेवून एरेनबर्ग परतले. परंतु अंगीकृत कार्य त्यांनीं सोडलें नाहीं.

बर्लिन येथें सूक्ष्मदर्शकापुढें बसून त्यांनीं हजारों सूक्ष्म जीव न्याहाळले, आणि १८३८ सालीं त्यांवरील आपला सचित्र महाग्रंथ प्रसिद्ध केला. चकमकीच्या दगडाच्या पातळ कपच्यांत त्यांस काटेरी गोलक दिसले. गोड्या पाण्यांतील एका सूक्ष्म जीवाशीं साम्य पाहून त्यांनीं त्यांस क्सँथिडियम हेंच नांव दिलें.

येथें मात्र त्यांची चूक झाली. १८३६ च्या सुमारास पाहिलेल्या या गोलकांचें खरें स्वरूप उमगण्यास १९६१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं एव्हिट या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, असे बहुतेक गोलक म्हणजे समुद्रांतील एकपेशी शैवालांचीं विश्रांतिबीजें होत. प्रतिकूल काळीं हें शैवाल कठीण कवच धारण करून तळच्या गाळांत निजतें, व सुकाळ येतांच कवचाचें द्वार उघडून बाहेर पडतें. रिकामें कवच मात्र कोट्यवधि वर्षें टिकूं शकतें.

एरेनबर्ग २७ जून १८७६ रोजीं बर्लिन येथें निवर्तले. त्याच नगरांत १९३१ सालीं नॉल व रुस्का यांनीं प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांच्या झोतानें पाहणारा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. अशा यंत्रानें आज त्या कवचांवरील एकेक काटा व भिंतीचा एकेक थर दिसूं शकतो.

मग एरेनबर्ग यांचे श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांनीं लावलेला अर्थ चुकला, पण डोळ्यांस दिसलें तेंच त्यांनीं कागदावर उतरविलें. त्यांचीं चित्रें व कांचपट्ट्या बर्लिनच्या संग्रहालयांत जतन झाल्या, म्हणूनच पुढच्यांस त्या पुन्हां तपासतां आल्या. विद्यार्थिमित्रहो, प्रयोगवहींत आपला तर्क चुकला तर तो पुढें सुधारतां येतो. परंतु न दिसलेलें दिसलें म्हणून लिहिल्यास तें सुधारण्यास कोणाजवळच साधन उरत नाहीं.