गोंगाटात माणूस शोधणारा समीक्षक

ज्या बँडची ध्वनिमुद्रिका जेमतेम काही शे प्रतींत निघते, जिला ना रेडिओ विचारतो ना मोठे दुकान, तिची दखल घ्यायची कोणी? इमो आणि स्क्रीमो या भूमिगत रॉक संगीताच्या जगात हे काम बव्हंशी हौशी परीक्षकच करत आले आहेत. अशा परीक्षणलेखनाची वाट ज्यांनी पाडली, त्यांत लेस्टर बँग्ज या अमेरिकन समीक्षकाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

बँग्जचा जन्म डिसेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील एस्कॉन्डिडो येथे झाला. तो लहान असतानाच वडिलांचा आगीत मृत्यू झाला. आई ‘यहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाची निष्ठावंत अनुयायी होती. सॅन डिएगोजवळच्या एल कहोन या उपनगरात, कडक धार्मिक शिस्तीत वाढणाऱ्या या मुलाला जॅझच्या तबकड्यांनी आणि बीट पिढीच्या लेखकांनी बाहेरचे जग दाखवले.

१९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने वाचकांकडून परीक्षणे मागवली. ‘एमसी फाइव्ह’ या बँडच्या पहिल्या अल्बमवर बँग्जने सडकून टीका केली आणि ती छापूनही आली. कालांतराने तो त्याच अल्बमचा चाहता झाला. मत बदलल्याचे त्याने लपवले नाही. १९७० मध्ये ‘स्टूजेस’च्या ‘फन हाउस’ या अल्बमवरील त्याचा लेख इतका लांबला, की ‘क्रीम’ मासिकाला तो दोन अंकांत छापावा लागला. ओबडधोबड वादन आणि कर्कश किंचाळणे यांची जाणकार तेव्हा टर उडवत. बँग्जला मात्र त्यात कसबापेक्षा मोलाचे काही ऐकू येई. आपली वेदना उघड्यावर मांडण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याच्या चुकलेल्या सुरांची त्याला तमा नसे.

१९७१ मध्ये तो डेट्रॉइटच्या ‘क्रीम’मध्ये रुजू झाला. ‘पंक’ हा शब्द या संगीताला चिकटला, त्यात त्याच्या लेखणीचा मोठा वाटा होता. या व्यवसायातली मेख त्याला ठाऊक होती. परीक्षणाच्या प्रती कंपन्या फुकट पाठवत आणि त्याच कंपन्यांच्या जाहिरातींवर नियतकालिकांचा संसार चाले. तरीही त्याने हात आखडता घेतला नाही. ‘कॅन्ड हीट’ या बँडवरील बोचऱ्या परीक्षणानंतर, कलावंतांचा अनादर केल्याचा ठपका ठेवून ‘रोलिंग स्टोन’ने १९७३ मध्ये त्याचे लेखन बंद केले.

१९७६ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. पंक बँडचे वादक आता त्याच्या रोजच्या बैठकीतले झाले होते. स्वतः गाऊन त्याने ध्वनिमुद्रिकाही काढल्या. परीक्षकाची खरी कसोटी इथेच असते. परक्याला झोडपणे सोपे, मित्राला सुनावणे अवघड. १९७९ मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात त्याने याच वर्तुळातील वर्णद्वेषावर प्रदीर्घ लेख लिहिला. गंमत म्हणून उच्चारल्या जाणाऱ्या शिव्यांमागचे विष त्याने दाखवून दिले. अशा शिव्या आपल्याही तोंडून गेल्या आहेत, याची कबुली त्यात होती. काही जुन्या सोबत्यांचा रोष पत्करून त्याने हे लिहिले.

३० एप्रिल १९८२ रोजी न्यूयॉर्कमधील राहत्या घरी तो मृतावस्थेत आढळला. फ्लूने आजारी असताना घेतलेल्या औषधांचे मिश्रण त्याला भोवले. तेव्हा तो अवघा ३३ वर्षांचा होता. त्याच्या निवडक लेखांचा संग्रह ग्रील मार्कस यांनी संपादित करून १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ‘ऑलमोस्ट फेमस’ (२०००) या चित्रपटात फिलिप सीमूर हॉफमन यांनी त्याची भूमिका साकारली.

इमोचा उदय त्याने पाहिला नाही. ते संगीत १९८०च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टनमध्ये आकाराला आले. स्क्रीमो १९९०च्या दशकाच्या प्रारंभी घुमू लागले ते सॅन डिएगोत, म्हणजे बँग्ज जिथे वाढला त्या एल कहोनच्या शेजारीच. तेथील छोट्या कंपन्यांच्या तबकड्यांवर हस्तलिखितवजा पत्रिकांतून लिहिणारे बहुधा त्याच बँडचे मित्र असत. मित्राच्या ध्वनिमुद्रिकेविषयी खरे लिहायचे की गोड, हा बँग्जसमोरचा पेच त्यांच्याही वाट्याला आला. आजच्या परीक्षकाचीही त्यातून सुटका झालेली नाही.