परक्याचे औदार्य

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे समुद्राच्या काठाशी उंच कडे उभे आहेत. हिवाळ्यात वादळे सुरू झाली, की हे कडे ढासळतात आणि त्यांच्या पोटात दडलेले प्राचीन प्राण्यांचे अवशेष उघडे पडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलात गाडल्या गेलेल्या या प्राण्यांची हाडे व शिंपले काळाच्या ओघात दगडासारखे झाले आहेत. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात.

या गावी २१ मे १७९९ रोजी मेरी ॲनिंगचा जन्म झाला. तिचे वडील सुतारकाम करीत आणि फावल्या वेळी किनाऱ्यावरचे जीवाश्म गोळा करून प्रवाशांना विकत. मेरी आणि तिचा थोरला भाऊ जोसेफ हेही त्यांच्याबरोबर जात. दगड कोठे फोडावा, आतील अवशेष न दुखावता कसा मोकळा करावा, हे मेरी वडिलांकडून शिकली. परंतु १८१० मध्ये वडील वारले. मागे उरले ते सुमारे १२० पौंडांचे कर्ज. त्या काळी गरीब कुटुंबाला ही रक्कम डोंगराएवढी होती.

पुढच्याच वर्षी जोसेफला कड्यात एका विलक्षण प्राण्याची चार फूट लांबीची कवटी सापडली. काही महिन्यांनी मेरीने त्याच प्राण्याचा उरलेला सांगाडा शोधून काढला. तेव्हा ती अवघी बारा-तेरा वर्षांची होती. लोकांना ती मगर वाटली. परंतु तो पृथ्वीवरून कधीच नाहीसा झालेला एक जलचर होता. विद्वानांनी पुढे त्याला इक्थिओसॉर, म्हणजे मत्स्यसरडा, असे नाव दिले. या सांगाड्याचे ॲनिंग कुटुंबाला सुमारे २३ पौंड मिळाले.

पण जीवाश्मांचा धंदा मोठा बेभरवशाचा. कधी एका वादळात घबाड हाती लागे, तर कधी महिनेच्या महिने रिकाम्या हाताने परतावे लागे. मेरी विशीत असताना असाच वाईट काळ आला. जवळजवळ वर्षभर एकही चांगला जीवाश्म सापडला नाही. घरभाडे थकले. अखेर घरातील सामान विकण्याखेरीज दुसरा मार्ग उरला नाही. ज्या घरचा कर्ता पुरुष लोकांसाठी लाकडी सामान घडवीत असे, त्याच घरावर आपल्या वापरातले सामान विकण्याची पाळी आली!

याच सुमारास लेफ्टनंट कर्नल टॉमस बर्च नावाचे गृहस्थ त्यांच्याकडे आले. बर्च हे सैन्यातील अधिकारी होते. त्यांना जीवाश्मांचा मोठा नाद होता. ॲनिंग कुटुंबाकडून त्यांनी कितीतरी उत्तम नमुने विकत घेतले होते. त्यांचा या कुटुंबाशी संबंध होता तो केवळ गिऱ्हाइकाचा. त्यांनी रीतसर पैसे मोजून माल नेला होता. त्यांच्याकडे काहीच देणे उरले नव्हते. तरीही ती दुर्दशा पाहून त्यांचे मन हेलावले. विद्वानांच्या हाती पडलेले बहुतेक उत्तम नमुने ज्यांनी शोधून काढले, त्यांनाच घरातले सामान विकावे लागावे, हे त्यांना पाहवेना.

पाच-दहा पौंड हातावर ठेवून ते परत जाऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. वर्षानुवर्षे हौसेने जमविलेला आपला जीवाश्मसंग्रहच त्यांनी विकावयास काढला. १५ मे १८२० रोजी लंडनमध्ये त्याचा लिलाव सुरू झाला. तीन दिवस तो चालला. पॅरिस आणि व्हिएन्ना येथूनही गिऱ्हाइके आली. एकट्या इक्थिओसॉरच्या एका सांगाड्याला १०० पौंड मिळाले. एकंदर ४०० पौंड जमले. ॲनिंग कुटुंबाकडून विकत घेतलेल्या वस्तू बर्च यांनी अशा रीतीने त्यांच्याच साहाय्यासाठी विकल्या.

या साहाय्याने कुटुंब सावरले. शिवाय ॲनिंग हे नाव दूरदूरच्या विद्वानांच्या कानी गेले. मेरी पुन्हा निर्धाराने कामाला लागली. १८२३ मध्ये तिला लांब मानेच्या प्लेसिओसॉर या सागरी प्राण्याचा संपूर्ण सांगाडा सापडला. १८२६ पर्यंत तिने स्वतःचे घर घेतले आणि तेथे जीवाश्मांचे दुकान थाटले. १८२८ मध्ये तिने एका उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याचे अवशेष शोधले. शाळेचे शिक्षण तिला फारसे मिळाले नव्हते. तरी ती शास्त्रीय ग्रंथ मिळवून वाची आणि मोठमोठे भूशास्त्रज्ञ तिच्याबरोबर किनाऱ्यावर हिंडत. मात्र ती स्त्री असल्यामुळे लंडनच्या भूशास्त्र मंडळाचे दार तिला बंदच राहिले. तिच्या शोधांवर लिहिलेल्या निबंधांत अनेकदा तिचे नावही नसे.

९ मार्च १८४७ रोजी मेरीचे निधन झाले. तिने शोधलेला प्लेसिओसॉर लंडनच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. २०२२ मध्ये लाइम रीजिस येथे तिचा पुतळा उभारण्यात आला. त्यासाठी एका शाळकरी मुलीने खटपट सुरू केली होती आणि अनेक अनोळखी लोकांनी पैसे दिले होते.

बर्च यांनी मेरीच्या कुटुंबाची गरिबी पाहिली, तसे त्यांचे श्रमही पाहिले. आपल्या संग्रहाचे खरे धनी कोण, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या औदार्याचे मोल ४०० पौंडांहून अधिक आहे ते यामुळेच.