बोटीला इंजिन देणारा कारागीर : ओले एव्हिनरूड

जबलपूरजवळ भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा पाहण्यासाठी देशभरातून पर्यटक येतात. पंचवटी घाटावरचे नावाडी आजही वल्ह्यांच्या बळावर त्यांना त्या अरुंद पात्रातून फिरवून आणतात. नावेच्या मागच्या फळीला अडकवायचे आणि काम झाले की उचलून खांद्यावरून घरी न्यायचे इंजिन मात्र आता जगभरातल्या नद्यांना आणि खाड्यांना परिचित आहे. हे आउटबोर्ड इंजिन सामान्य माणसाच्या हाती देण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्याच्याकडे जाते, तो ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला यंत्रकारागीर होता.

एव्हिनरूड यांचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेत झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिन राज्यातील केंब्रिज गावाजवळ शेती करू लागले. ओले यांचे शालेय शिक्षण जेमतेम तिसऱ्या इयत्तेपर्यंत झाले. शेतीपेक्षा त्यांचा ओढा अवजारांकडे आणि पाण्याकडे अधिक होता. किशोरवयात त्यांनी स्वतःच्या हाताने शिडाची होडी बांधली. वडिलांना हा छंद पसंत नव्हता आणि त्यांनी पहिली होडी मोडून टाकली, पण मुलाने दुसरी बांधली, असे सांगितले जाते.

वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. मॅडिसन, पिट्सबर्ग आणि शिकागो येथील कारखान्यांत काम करताना त्यांनी यंत्रकाम, ओतकाम आणि पेट्रोल इंजिनांची रचना आत्मसात केली. त्यानंतर ते मिलवॉकी शहरात साचे तयार करणारे कारागीर म्हणून स्थिरावले. १९०० च्या सुमारास त्यांनी भागीदारीत इंजिने बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. हिशेबाचे शिक्षण घेतलेल्या बेस कॅरी या तरुणीशी त्यांचा १९०६ मध्ये विवाह झाला आणि त्यांच्या उद्योगाला खरी व्यवस्थापक मिळाली.

वितळलेले आइस्क्रीम

आउटबोर्ड इंजिनाच्या जन्माची कथा त्याच वर्षीची आहे. ओकाउची सरोवरावर सहलीला गेले असताना बेस यांना आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले वल्ही मारत काठावर गेले. मात्र उन्हातून परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले होते. वल्ह्यांचे हे श्रम वाचविणारे यंत्र असावे, हा विचार त्यांच्या मनात तेव्हा पक्का झाला, अशी आख्यायिका आहे.

हे यंत्र बनविणारे एव्हिनरूड पहिले नव्हते. कॅमेरॉन वॉटरमन यांनी त्यांच्या थोडे आधी असेच इंजिन तयार करून विक्रीस आणले होते. एव्हिनरूड यांचे वैशिष्ट्य विश्वासार्ह आणि सुटसुटीत रचनेत होते. त्यांच्या एक सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर आडवा आणि मुख्य दांडा उभा होता. या उभ्या दांड्याची गती पाण्याखालच्या दातेरी चक्रांमार्फत आडव्या पंख्याला मिळत असे. वरचे गतिचक्र मुठीला धरून हाताने फिरवले की इंजिन सुरू होई. पहिला नमुना पाहून तो कॉफी दळण्याच्या यंत्रासारखा दिसतो, असा शेरा बेस यांनी मारल्याचे सांगतात.

१९०९ मध्ये पहिली २५ इंजिने विक्रीस तयार झाली. दीड अश्वशक्तीच्या या इंजिनाचे वजन सुमारे २८ किलो आणि किंमत ६२ डॉलर होती. ओले कारखाना सांभाळत आणि बेस हिशेब व पत्रव्यवहार पाहत. वल्ही टाकून देण्याचे आवाहन करणाऱ्या जाहिरातीही बेसच लिहीत. परदेशातूनही, विशेषतः स्कॅन्डिनेव्हियातील मच्छीमारांकडून, मागणी येऊ लागली. १९११ मध्ये एव्हिनरूड यांना पेटंट मिळाले.

स्वतःच्याच नावाशी स्पर्धा

कामाच्या ताणामुळे बेस यांची प्रकृती ढासळली. तेव्हा एव्हिनरूड यांनी भरभराटीला आलेल्या कंपनीतील आपला हिस्सा १९१४ च्या सुमारास भागीदार ख्रिस मेयर यांना विकला. पाच वर्षे या व्यवसायात न उतरण्याची अट त्यांनी मान्य केली. कारखान्यासोबत स्वतःचे नावही मागे ठेवून ते पत्नी आणि मुलगा राल्फ यांच्यासह देशभर प्रवासाला निघाले.

पण कारागिराचे हात स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी ॲल्युमिनियमचा वापर करून दोन सिलिंडरचे नवे इंजिन तयार केले. वजन सुमारे २२ किलो, म्हणजे जुन्यापेक्षा कमी, आणि शक्ती तीन अश्वशक्ती, म्हणजे दुप्पट. हा आराखडा त्यांनी प्रथम मेयर यांनाच दाखवला. मेयर यांनी तो नाकारला. बाजारात एव्हिनरूड हे नाव वापरता येत नसल्याने दांपत्याने 'एल्टो' ही नवी कंपनी काढली आणि १९२१ पासून ही इंजिने विकण्यास प्रारंभ केला. जुन्या एव्हिनरूड कंपनीला आता खुद्द एव्हिनरूड यांच्याशीच सामना करावा लागला.

शर्यतींचे युग

लवकरच जॉन्सन बंधूंची हलकी व वेगवान इंजिने बाजारात आली. ग्राहक श्रमबचतीबरोबर वेगही मागू लागले आणि शर्यती लोकप्रिय झाल्या. एल्टोने १९२८ मध्ये चार सिलिंडरचे 'क्वाड' इंजिन आणले. १९२९ मध्ये एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि लॉकवुड यांचे विलीनीकरण झाले. एव्हिनरूड नव्या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि त्यांचे नाव पुन्हा त्यांच्या हाती आले. १९३० मध्ये आलेले 'फोर-सिक्स्टी' हे इंजिन खास शर्यतींसाठी होते.

या शर्यतींत बोटींचे वर्ग इंजिनाच्या घनफळावरून ठरत. 'ए' वर्गाची मर्यादा १४ घनइंच, 'बी'ची २०, 'सी'ची ३० आणि 'एफ'ची ६० घनइंच, म्हणजे जवळपास एक हजार सीसी, अशी होती. बोटी जागेवरून सुटत नसत. घड्याळाचा काटा शून्यावर येताच वेगात असलेल्या बोटीने प्रारंभरेषा ओलांडायची. आधी ओलांडल्यास बाद. त्यामुळे वेगाइतकाच वेळेचा अंदाजही महत्त्वाचा ठरे.

आजच्या जुन्या इंजिनांच्या मेळाव्यांचे मूळ याच काळात आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये जुन्या आउटबोर्ड इंजिनांच्या संग्राहकांची संघटना स्थापन झाली. अभिजात वर्गांचे नियम करणाऱ्यांपुढे एक पेच कायम असतो. नव्वद वर्षांपूर्वीचा भाग तुटला तर नवा घडवावा लागतो. पण त्याच निमित्ताने आधुनिक सुधारणा शिरल्या तर जुन्या इंजिनाची शर्यत जुनी राहत नाही. म्हणून मूळ आराखड्याबरहुकूम भाग हा सर्वसाधारण दंडक असतो. सुरक्षिततेत मात्र जुनेपणाचा आग्रह नसतो. शिरस्त्राण आणि जीवरक्षक जाकीट आजच्याच दर्जाचे लागते.

अखेर आणि वारसा

विलीनीकरणाच्या वर्षीच जागतिक मंदी कोसळली. कंपनी तगवण्याची धडपड सुरू असतानाच १९३३ मध्ये बेस यांचे निधन झाले. पत्नीच्या वियोगानंतर एव्हिनरूडही फार काळ जगले नाहीत. १२ जुलै १९३४ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी मिलवॉकीत त्यांचे निधन झाले. पुढे राल्फ यांनी धुरा सांभाळली आणि प्रतिस्पर्धी जॉन्सन कंपनीही याच समूहात आली.

२००० मध्ये हा समूह दिवाळखोरीत निघाला. कॅनडातील बॉम्बार्डियरने २००१ मध्ये इंजिनांचा व्यवसाय विकत घेतला. तिच्यातून वेगळ्या झालेल्या कंपनीने २०२० मध्ये एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन थांबवले. १९०९ मध्ये पंचवीस इंजिनांपासून सुरू झालेली परंपरा अशा रीतीने शंभरी ओलांडून संपली. आता या नावाचे नवे इंजिन कारखान्यातून बाहेर पडत नाही. जी आहेत ती चालती ठेवण्याची जबाबदारी ती स्वतःच्या हाताने उघडून दुरुस्त करणाऱ्या कारागिरांवर आली आहे, आणि एव्हिनरूड स्वतः त्याच वर्गातले होते.