साडेसहा पौंडांचा जगज्जेता

स्नूकर म्हणजे इंग्रजांचा खेळ, असं आपण सगळेच धरून चालतो. पण याचं बारसं झालं ते आपल्या जबलपूरला! १८७५ साली तिथल्या छावणीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पावसाळ्यात वेळ जावा म्हणून बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत बॉल टाकले आणि हा खेळ सुरू केला, ही कथा आता सर्वमान्य आहे. श्रेय जातं नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे (पुढे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे, गल्लत नको). आणि पुण्याचं सांगायचं तर विल्सन जोन्स आणि पंकज अडवाणी या दोन्ही जगज्जेत्यांचा जन्म पुण्याचा. असो. आजचा माणूस मात्र पक्का इंग्रज आहे. जबलपूरच्या या टाइमपासला ज्यानं पोट भरण्याचा धंदा बनवलं, तो जो डेव्हिस. माझ्या मते, त्याच धंद्याचा गळाही काही वर्षं त्यानंच आवळून धरला होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून कशा झाल्या, म्हणून तर त्याच्यावर लिहावंसं वाटलं.

जो डेव्हिस १९०१ साली डर्बीशायरमधल्या व्हिटवेल या गावी जन्मला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. वडील आधी खाणकामगार होते, मग चेस्टरफील्डजवळ त्यांनी पब चालवायला घेतला. पबमध्ये बिलियर्ड्सचं टेबल होतं, आणि घरातच टेबल असल्यावर पोरगं अभ्यास कशाला करतंय! तेराव्या वर्षी तो चेस्टरफील्ड भागाचा हौशी विजेता झाला आणि अठराव्या वर्षी व्यावसायिक. त्याच्या उजव्या डोळ्याची नजर लहानपणापासून अधू होती. त्यामुळे क्यू हनुवटीच्या मधोमध न धरता तो डाव्या डोळ्याखाली धरायचा. लांबून नेम धरायच्या खेळात एका डोळ्यावर भागवायचं आणि तरी जगात पहिला यायचं, हे मला तरी अजून नीट पचलेलं नाही.

त्या काळी खरा खेळ बिलियर्ड्स. तीन बॉल, मोठे हॉल, कोटटाय घातलेले प्रेक्षक. स्नूकर म्हणजे मुख्य सामना लवकर संपला तर उरलेल्या वेळात लोकांना खूष करायला खेळायची गोष्ट. व्यावसायिक मंडळी त्याकडे नाक मुरडूनच बघत. पण डेव्हिस हॉलमध्ये नुसता खेळत नसे, हॉल सांभाळणाऱ्यांच्या गप्पाही ऐकत असे. टेबलाचे तासाचे पैसे देणारी सामान्य पोरं बिलियर्ड्स सोडून स्नूकर खेळतायत, हे त्याच्या लक्षात आलं. आजच्या भाषेत मार्केट रिसर्च! बर्मिंगहॅमच्या बिल कॅमकिन या हॉलमालकाला बरोबर घेऊन त्यानं नियामक संघटनेला व्यावसायिक स्नूकर अजिंक्यपद सुरू करायला लावलं. दहा जणांनी नावं दिली. मे १९२७ मध्ये कॅमकिनच्या हॉलमध्ये अंतिम सामना झाला, डेव्हिसनं टॉम डेनिसला २०-११ असं हरवलं, आणि पहिल्या जगज्जेत्याच्या हातात पडले सहा पौंड दहा शिलिंग. म्हणजे साडेसहा पौंड. कारण जमलेल्या पैशांतला मोठा वाटा संघटनेनं करंडक घ्यायला वापरला. तोच करंडक विजेत्याला अजूनही देतात, बक्षीस मात्र आता लाखो पौंडांत गेलंय.

सुरुवातीला या अजिंक्यपदाची अवस्था आपल्या गॅदरिंगमधल्या बुद्धिबळ स्पर्धेसारखी होती, खेळाडूच मिळेनात. १९३१ साली एंट्री फक्त दोन, डेव्हिस आणि तोच टॉम डेनिस. सामना नॉटिंगहॅमला, डेनिसच्याच जागेत. डेव्हिस २५-२१ नं जिंकला. बिचारा डेनिस चार वेळा अंतिम सामन्यात डेव्हिससमोर उभा राहिला आणि चारही वेळा हरला. १९३४ मध्येसुद्धा दोनच एंट्र्या होत्या. सांगायचा मुद्दा असा, की जागतिक अजिंक्यपद हे नाव जेवढं भारदस्त, तेवढा सुरुवातीचा मामला भारदस्त नव्हता. एक माणूस दरवर्षी येऊन जिंकत होता, म्हणून ते टिकलं होतं.

डेव्हिसचं स्वतःचं मन मात्र अजून बिलियर्ड्समध्ये होतं. तिथं तो १९२६ आणि १९२७ असा दोनदा टॉम न्यूमनकडून अंतिम सामना हरला, पण १९२८ ला त्याच न्यूमनला हरवून विजेता झाला. पुढे १९२९, १९३० आणि १९३२ ही किताब त्याच्याकडेच होता. आणि मग ऑस्ट्रेलियाहून आला वॉल्टर लिंड्रम.

लिंड्रमबद्दल सांगायचं तर बॉल गादीच्या कडेला जवळजवळ आणून, क्यूनं हलकेच टिचक्या मारत, बॉल केसभर हलवत तो तासन्‌तास गुण काढायचा. जानेवारी १९३२ मध्ये लंडनच्या थर्स्टन्स हॉलमध्ये त्यानं एकाच ब्रेकमध्ये ४१३७ गुण केले. जवळजवळ तीन तास. आणि त्या तीन तासांत समोरच्या खुर्चीवर बसून कोण होतं? आपला डेव्हिस! उठल्यावर त्यानंही १२४७ चा ब्रेक करून दाखवला, म्हणजे माणूस खचला नव्हता. पण १९३३ ला आणि १९३४ ला मेलबर्नमध्ये तो लिंड्रमकडून हरला, आणि बिलियर्ड्सचं राज्य गेलं.

इथं एक गंमत आहे, ती इंजिनिअरिंगवाल्यांना लगेच कळेल. लिंड्रमनं खेळ इतका ऑप्टिमाइझ केला की सिस्टिम फेलच होईना. आणि जी सिस्टिम फेल होत नाही ती बघायला कोण तिकीट काढणार? प्रेक्षकाला दिसायची ती खेळाडूची पाठ आणि फळ्यावर वाढत जाणारा आकडा. नियम बदलून बघितले, फारसा उपयोग झाला नाही. बिलियर्ड्स हा तमाशा म्हणून तिथंच संपत गेला.

डेव्हिसनं मग सगळी ताकद स्नूकरमध्ये ओतली. त्याच्या आधी लोक स्नूकर कसं खेळत? दिसला बॉल, मारला पॉकेटमध्ये, पुढचं पुढं. डेव्हिसनं बिलियर्ड्समधला पांढऱ्या बॉलवरचा ताबा इथं आणला. आत्ताचा बॉल तर जायलाच हवा, पण पांढरा थांबणार कुठं? तिथून पुढचा रंग, तिथून पुढचा लाल. ज्यांना हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी: लाल बॉल पंधरा, प्रत्येकी एक गुण. प्रत्येक लालनंतर एक रंगीत बॉल, आणि त्यात काळा सगळ्यात महाग, सात गुणांचा. म्हणजे पंधरा वेळा आठ, एकशे वीस. शेवटी सहाही रंग क्रमानं, दोनपासून सातपर्यंत, बेरीज सत्तावीस. एकूण १४७. जागतिक अजिंक्यपदातलं पहिलं शतक १९३५ ला डेव्हिसनंच केलं, ११० चं. आता शतकाचं कोणाला कौतुक राहिलं नाही, तेव्हा ती बातमी होती.

याच काळात त्याला घरातून प्रतिस्पर्धी मिळाला. धाकटा भाऊ फ्रेड, बारा वर्षांनी लहान. फ्रेडची नजर कमी होत चालली होती आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. १९३७ च्या अजिंक्यपदात तो बिल विदर्स नावाच्या, फारसं नाव नसलेल्या खेळाडूकडून हरला. जो चांगलाच भडकला. पुढच्या फेरीत जोनं त्याच विदर्सची अक्षरशः चटणी केली, तीस फ्रेम्स जिंकल्या आणि त्याला जेमतेम एक दिली. घराण्याची लाज राखणं म्हणतात ते हेच असावं! मग फ्रेडनं वाकून खेळताना उपयोगी पडेल असा खास चष्मा करून घेतला, आणि १९४० च्या अंतिम सामन्यात तो थेट थोरल्या भावासमोर उभा ठाकला. जो ३७-३६ नं जिंकला. एका फ्रेमनं!

नंतर युद्ध. ऑक्टोबर १९४० मध्ये थर्स्टन्स हॉलवर बॉम्ब पडला. डेव्हिस देशभर फिरून युद्धनिधीसाठी खेळ करत राहिला. लंडनच्या पॅलेडियमसारख्या नाट्यगृहात टेबलावर मोठा तिरका आरसा लावून प्रेक्षकांना करामती दाखवल्या. १९४६ ला अजिंक्यपद पुन्हा सुरू झालं तेव्हा अंतिम सामना रॉयल हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये १४५ फ्रेम्सचा होता, आणि गर्दी अशी की युद्धाआधी कुणी कल्पना केली नसती. समोर वॉल्टर लिंड्रमचा पुतण्या होरेस. डेव्हिस ७८-६७ नं जिंकला. १९२७ पासून झालेली सगळी, म्हणजे पंधराच्या पंधरा अजिंक्यपदं त्याची. आणि त्यानं जाहीर केलं की आपण यापुढे अजिंक्यपदात उतरणार नाही.

माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. पंचेचाळिसाव्या वर्षी, कधीही न हरता किताब सोडला, वा! पण त्यानं किताब सोडला, खेळ सोडला नाही. प्रदर्शनी सामने, वर्तमानपत्रानं भरवलेल्या स्पर्धा, सगळीकडे तो होताच, आणि बाकीच्यांना आधीच गुणांची सूट देऊन वर जिंकत होता. समान पातळीवर त्याला आयुष्यात फक्त एका माणसानं हरवलं, फ्रेडनं, तेही चारदाच. मग जगज्जेता कोण? १९४७ ते १९५४ सलग आठ वर्षं अंतिम सामना फ्रेड डेव्हिस आणि वॉल्टर डोनाल्डसन यांच्यातच झाला. दोघंही उत्तम खेळाडू. पण प्रेक्षकाला पक्कं ठाऊक होतं की खरा पहिला नंबर या सामन्यात नाहीये, तो बाहेर बसलाय. अशा सामन्याचं तिकीट कोण आणि किती वर्षं काढणार?

त्यात तो नुसता बाहेर बसला नव्हता. व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा तो अध्यक्ष होता. थर्स्टन्सच्या जागी १९४७ ला उघडलेल्या लेस्टर स्क्वेअर हॉलच्या कारभारात त्याची भागीदारी होती. कोण कुठं खेळणार, यात त्याचा शब्द चालायचा. १९५२ ला खेळाडूंचं नियामक संघटनेशी बिनसलं आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. अधिकृत अजिंक्यपदाला त्या वर्षी उरले दोनच जण. १९५१ नंतर नवे व्यावसायिक येणं जवळजवळ थांबलं, ते १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. दोष एकट्या डेव्हिसचा होता असं मी म्हणणार नाही. घराघरात टीव्ही येत होता, हॉल बंद पडत होते. पण वरची जागा तो अडवून बसला होता, हे नाकारता येत नाही.

२२ जानेवारी १९५५ ला, बंद होऊ घातलेल्या त्याच लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये, जुन्या विली स्मिथसमोर त्यानं १४७ चा ब्रेक केला. अधिकृत नोंद झालेला पहिला. वय त्रेपन्न! नोंदीचीही गंमत बघा. व्यावसायिक मंडळी फाऊलच्या बाबतीत एक वेगळा नियम पाळत, तो संघटनेला मान्य नव्हता. म्हणून मान्यतेचा कागद यायला १९५७ उजाडलं. आपल्या युनिव्हर्सिटीचं रिव्हॅल्युएशन बरं म्हणायचं.

१९५७ च्या अजिंक्यपदाला चार खेळाडू होते. जॉन पुलमन जिंकला, आणि नंतर सात वर्षं स्पर्धाच झाली नाही. डेव्हिसनं १९५९ ला एक शेवटचा जुगाड करून पाहिला, स्नूकर प्लस! जांभळा आणि नारिंगी असे दोन जास्तीचे बॉल, दहा आणि आठ गुणांचे, कमाल ब्रेक थेट २१०. कुणी ढुंकून बघितलं नाही. खेळाला जास्तीचे बॉल नको होते, नवी माणसं हवी होती, असं मला वाटतं. १९६४ ला डेव्हिस पूर्ण निवृत्त झाला. त्याच वर्षी रेक्स विल्यम्सच्या पुढाकारानं अजिंक्यपद आव्हान सामन्यांच्या रूपात पुन्हा सुरू झालं. हा योगायोग म्हणायचा की नाही ते तुम्ही ठरवा. १९६९ ला रंगीत टीव्हीवर पॉट ब्लॅक हा कार्यक्रम आला, बाद पद्धतीची स्पर्धा परत आली, आणि पुढचा इतिहास बऱ्याच जणांना माहीत आहे.

१९७८ च्या एप्रिलमध्ये शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये जागतिक अजिंक्यपद चालू होतं. बीबीसी पहिल्यांदाच रोजच्या रोज खेळ दाखवत होती. उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या पेरी मान्ससमोर फ्रेड डेव्हिस खेळत होता, वय चौसष्ट. प्रेक्षकांत जो बसला होता, वय सत्त्याहत्तर. ज्याला खेळताना कधी घाम फुटला नाही, तो भावाचा सामना बघताना कोसळला. फ्रेड १८-१६ नं हरला. जोवर मोठी शस्त्रक्रिया झाली, त्यातून तो सावरतही होता, पण छातीत संसर्ग झाला आणि १० जुलै १९७८ ला तो गेला. फ्रेड त्यानंतरही खेळत राहिला. १९८४ ला, सत्तरीत, तो पुन्हा क्रूसिबलच्या टेबलावर उभा होता, डोळ्यांवर चष्मा लावून.