चोरटी धाव आणि विनू मंकड



क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेणाऱ्याचे सगळे कौतुक करतात. पण चोरी पकडणाऱ्या एका थोर खेळाडूचे नाव पुष्कळ वर्षे वाईट अर्थाने घेतले गेले. ते नाव म्हणजे विनू मंकड. त्यांची माहिती मी या भित्तीपत्रकात देत आहे.

त्यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी गुजरातमधील जामनगर येथे झाला. ते डाव्या हाताने फिरकी गोलंदाजी करीत आणि फलंदाजी मात्र उजव्या हाताने. रणजी करंडकात ते आपल्या महाराष्ट्राकडून आणि मुंबईकडूनही खेळले. दुसऱ्या महायुद्धामुळे भारताचे कसोटी सामने बंद होते, म्हणून त्यांना पहिला कसोटी सामना मिळायला १९४६ साल उजाडले. तेव्हा ते २९ वर्षांचे होते. त्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळे सामने मिळून ११२० धावा केल्या व १२९ बळी घेतले. एकाच माणसाने एवढे दोन्ही!

आता मुख्य गोष्ट. १९४७ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, आपला संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे बिल ब्राऊन नावाचे फलंदाज होते. गोलंदाजाच्या टोकाला उभे असताना, चेंडू हातातून सुटायच्या आतच ते रेषा सोडून पुढे निघत. सिडनीच्या एका सामन्यात मंकड यांनी त्यांना आधी समज दिली. तरीही ते पुढे गेले, तेव्हा मंकड यांनी चेंडू न टाकता बेल्स उडवल्या. ब्राऊन धावबाद! पुढे १३ डिसेंबर १९४७ रोजी, सिडनीलाच, दुसऱ्या कसोटी सामन्यात पुन्हा तेच झाले. या वेळी मंकड यांनी समज दिली नाही. ब्राऊन १८ धावांवर बाद झाले.

मग वर्तमानपत्रांत गलका झाला. काहींनी याला अखिलाडूपणा म्हटले. असे बाद करण्याला मंकड यांचेच नाव चिकटले. पण ऑस्ट्रेलियाचे कप्तान डॉन ब्रॅडमन यांनी नंतर आपल्या पुस्तकात मंकड यांचीच बाजू घेतली. नियमात बसत होते, मग चूक कुणाची?

भातकापणी झाली की आम्ही शेतात खेळतो, तिथे तर हे रोजचेच. चेंडू सुटला नाही तोच पोरगा अर्ध्या वाटेवर! अशा वेळी गोलंदाजाने यष्टी उडवली की त्यालाच रडका म्हणतात. मला हे पटत नाही. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे साधारण २० मीटर. त्यातली दोन पावले आधीच चोरली तर धाव स्वस्तात मिळणारच ना?

गुरुजींनी आम्हाला फळ्यावर चौकोन काढून बेसबॉल समजावला. त्या खेळात चोरीला चोरीच म्हणतात, आणि ती उघड करायची असते! एका बेसपासून दुसरा बेस ९० फूट. धावपटू बेस सोडून काही पावले पुढे सरकतो आणि चेंडू फेकणाऱ्यावर, म्हणजे पिचरवर, नजर ठेवतो. पिचरने फलंदाजाकडे फेक सुरू केली की हा सुसाट पळतो. पिचर डावरा असेल तर पहिल्या बेसवरून चोरी करणे फार अवघड, कारण त्याचे तोंडच त्या बेसकडे असते. पिचरही गप्प बसत नाही. फलंदाजाकडे न फेकता तो एकदम बेसवरच्या सोबत्याकडे चेंडू फेकतो. धावपटू बेसबाहेर सापडला की बाद. आधी समज द्यायची पद्धत नाही, आणि कुणी पिचरला नावेही ठेवत नाही. जॅकी रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन खेळाडूने १९४७ मध्येच २९ बेस चोरले आणि त्याची वाहवा झाली. एकाच वर्षी तिकडे चोरणाऱ्याची वाहवा, इकडे पकडणाऱ्यावर ठपका. गंमतच आहे.

मंकड यांची खरी कामगिरी लोकांना कमी ठाऊक आहे, म्हणून ती सांगते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्यात मंकड यांनी १२ बळी घेतले. त्याच वर्षी लॉर्ड्सवर त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या आणि एका डावात ७३ षटके टाकून ५ बळीही घेतले. तो सामना आपण हरलो, पण लोक अजून त्याला मंकड यांचा सामना म्हणतात. १९५६ साली मद्रासला त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध २३१ धावा केल्या. पंकज रॉय यांच्याबरोबर पहिल्या जोडीची ४१३ धावांची भागीदारी झाली. तो विक्रम २००८ पर्यंत, म्हणजे तब्बल ५२ वर्षे टिकला. एकूण ४४ कसोटी सामने, २१०९ धावा, १६२ बळी. पहिल्या क्रमांकापासून अकराव्यापर्यंत सगळ्या जागांवर ते फलंदाजीला आले होते!

२१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव अशोक हेही भारताकडून कसोटी सामने खेळले.

ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटच्या नियमांत असे बाद करणे अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घातले आहे. ते पाहायला मंकड नव्हते. मुंबईत वानखेडे स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि १९ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत जिंकणाऱ्या संघाला विनू मंकड करंडक मिळतो.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी, ता. पनवेल